कोरी घागर : खान्देशातले नवेपण आणि कलावंताचा हात

प्रस्तावना

आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते तेव्हा खान्देशात हिरवे असे फारसे काही उरलेले नसते. रावेर-यावलकडचे केळीचे मळे आणि बांधावरचे कडुनिंब सोडले, तर तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यातली काळी जमीन नांगरून उघडी पडलेली असते. ढेकळे तापलेली, विहिरी तळाला गेलेल्या, दुपारचा पारा 44-45 च्या घरात. कपाशीची उलंगवाडी होऊन महिने लोटलेले आणि पाऊस अजून महिना-दीड महिना लांब. नेमक्या त्याच दिवसांत, वैशाख शुद्ध तृतीयेला, या मुलखातल्या शेतकऱ्याचे नवे वर्ष सुरू होते. सालदाराचे साल आखजीला संपते आणि आखजीलाच नवे ठरते. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पोरीबाळी गौराईची गाणी म्हणतात. घरात कुंभाराकडून आणलेली कोरी घागर पाण्याने भरून मांडतात. तिच्यावर लहान मडके, डांगर, आंबे ठेवून पितरांच्या नावाने पूजा करतात, विस्तवावर आगारी टाकतात. मग खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाचे जेवण.

ही घागर मी इतकी वर्षे पाहत आलो, तरी तिच्यातले धाडस मला उशिरा कळले. वर्ष नवे, पण पहिला मान गेलेल्यांचा. घागर कोरी, पण तिच्यातले पाणी पितरांसाठी. नव्याची पूजा मांडायची तीही पाऊस पडून रान हिरवे झाल्यावर नाही, तर सगळे भाजून निघालेले असताना, पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नसताना. कोरडवाहू शेतकरी पावसाआधी कपाशीची धूळपेरणी करतो, तीही याच हिमतीवर. बी धुळीत पडते. पाऊस आला तर उगवते, ताण पडला तर दुबार पेरणी. खान्देशातल्या माणसाला नवेपणाची ओळख होते ती ही अशी, उघड्या काळ्या मातीतून आणि हमी नसलेल्या दिवसांतून.

या पुस्तकाचा विषय समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी लागते. कलावंताचा हात त्याचा स्वतःचा असतो. रेषेचे वळण, शब्दाची ठेवण, गाण्याची चाल त्याने अंगी मुरवलेली असते. नवेपणाची पवित्र प्रतीके मात्र कुणा एकाची नसतात. कलश, अंकुर, गुढी, नारळ, नदी ही सगळ्यांची आहेत, फार जुनी आहेत आणि लोक त्यांच्यापुढे हात जोडतात. मग कलावंताने काय करावे? प्रतीक जसेच्या तसे उचलले तर त्याचा हात त्यात दिसेनासा होतो. ते आपल्या लहरीप्रमाणे वाकवले तर पूजा करणाऱ्याला ते आपले वाटत नाही. हा पेच ज्याने एकदा तरी मन लावून देवाधर्माचे चित्र काढले आहे, ओवी रचली आहे किंवा मूर्ती घडवली आहे, त्याला नवा नाही.

दिनदर्शिकांवरचा अंकुर सगळ्यांनी पाहिलेला असतो. दोन हातांची ओंजळ, ओंजळीत माती, मातीतून वर आलेले हिरवेगार रोप आणि मागे उगवता सूर्य. शाळेच्या भिंतीपासून कार्यालयाच्या फलकापर्यंत तो सगळीकडे आहे आणि कुठल्याच गावचा नाही. तो कुठल्या पिकाचा अंकुर आहे हे काढणाऱ्याला विचारले तर सांगता येणार नाही, कारण तो त्याने शेतात पाहून काढलेला नसतो. अशा चित्राबद्दल माझी तक्रार सौंदर्याची नाही. त्यात श्रद्धा पातळ होते, ही माझी तक्रार आहे. ज्याच्याकडे नीट पाहिलेले नाही, त्याच्यापुढे मनापासून हात कसे जुळणार?

घराघरांत मात्र हा पेच रोज सुटत असतो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. सव्वाच्या मापाने गहू घेऊन रोट करायचे, भाऊबंदकीने एकत्र जेवायचे, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचे, हे सगळे ठरलेले. देवी म्हणजे नारळ. पण त्या नारळाला डोळे, नाक, नथ, कुंकू देऊन चेहरा करते ती घरची बाई, आणि तिथे तिचा हात लपत नाही. कुणाच्या कानबाईचे डोळे मोठे आणि ताठ, कुणाच्या देवीची हनुवटी निमुळती, कुणी नथ इतकी मोठी घालते की सगळा चेहरा नथीभोवती फिरतो. एका गल्लीतल्या दोन कानबाई मी कधी सारख्या पाहिल्या नाहीत, आणि त्यामुळे कुणाची देवी खोटी ठरल्याचेही ऐकले नाही. नियम आणि हात इथे शेजारी बसतात. घरच्या बाईला शैली म्हणजे काय हे कुणी शिकवलेले नसते. आपल्या आईने डोळे असे काढले होते आणि मला ते जरा असे बरे वाटतात, एवढेच ती सांगते.

असाच हात बहिणाबाई चौधरींचा होता, फक्त शब्दांतला. या पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्याभोवती फिरतो आणि तसे व्हायलाच हवे होते.

1880 मध्ये जळगावजवळच्या आसोदे गावी महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. 13व्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तिशीत पती नथुजी गेले. पदरात काशी, ओंकार आणि सोपान. प्लेगने ओंकारला कायमचे अपंगत्व दिले. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचत गेल्या आणि जी टिपली गेली ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी लिहून घेतली म्हणून उरली. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्राने एका निरक्षर शेतकरी बाईपुढे मान लववली. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हे बहुतेकांना माहीत असते. ज्याकडे मला लक्ष वेधायचे आहे ते वेगळे आहे.

मातीत निजलेल्या बियाण्यावरचे त्यांचे गाणे कित्येक पिढ्यांनी शाळेत म्हटले आहे. त्यात कोंबातून बाहेर आलेल्या दोन पानांना त्या जोडलेल्या हातांची उपमा देतात. ऐकताना ती गोड कल्पना वाटते. एकदा मृगाचा पाऊस झाल्यावर कपाशीच्या शेतात उकिडवे बसून पाहावे. बी उगवते तेव्हा कोंब ताठ वर येत नाही. मान खाली घालून, पाठीची कमान करून तो माती रेटतो. त्याच्या डोक्यावर मातीचा पापुद्रा उचललेला दिसतो, कधी बियाचे टरफलही अडकलेले असते. मग मान सरळ होते आणि एकमेकांना चिकटलेली दोन जाड दले वर येतात. ती उघडण्याआधी थोडा वेळ तशीच मिटलेली असतात. ज्वारीचे असे नसते. ज्वारी भाल्यासारखे एकच गुंडाळलेले पान वर काढते. गहूही तसाच. म्हणजे जोडलेले हात पाहायचे तर कपाशी पाहायला हवी, मूग-उडीद पाहायला हवा, आणि तेही सकाळी, वेळेवर, वाकून. ज्या बाईने हे गाणे रचले तिने ते पाहिले होते. शेकडो वेळा, निंदताना, तुटाळी भरताना, बी उगवले की नाही या काळजीने पाहिले होते. उगवले नाही तर वर्ष बुडणार होते.

त्यांच्या शैलीचे आणि श्रद्धेचे नाते इथे उघडे होते. त्यांनी आधी देव ठरवला आणि मग त्याला शोभेल असे रोप शोधले, असे झालेले नाही. त्या रोपाकडे इतक्या जवळून पाहत होत्या की हात जोडलेले त्यांना तिथेच दिसले. पुढे वाऱ्यावर हलणारी पाने टाळ्या वाजवतात, भजन करतात, सगळ्यांसाठी सुबत्ता मागतात. इथे माणूस रोपासाठी प्रार्थना करत नाही, रोप माणसासाठी करते. एवढी मोठी उलटापालट त्यांनी किती साध्या बोलीत केली आहे! जड शब्द नाही, तत्त्वज्ञानाचा आव नाही. ओवीचा छंद हा जात्याच्या खुंट्याबरोबर फिरणाऱ्या हाताचा छंद आहे. एक फेरा पुरा होतो तेवढ्यात ओळ पुरी व्हावी लागते, दम तेवढाच असतो. म्हणून त्यांची ओळ आखूड, क्रियापदांनी भरलेली आणि कामाला जुंपलेली. पेरणी, रगडणी, उपणणी, मोट, घरोट यांवर त्यांनी गाणी केली, आणि त्या प्रत्येक कामात जुने मोडून नवे हाती येण्याचा एक टप्पा आहे. कणीस मोडते तेव्हा दाणा मिळतो, दाणा मोडतो तेव्हा पीठ. पुनर्जन्माची शिकवण त्यांना पोथीतून मिळाली असेल नसेल, ती त्यांच्या हातांना मात्र रोज मिळत होती.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती बोलताना मला संकोच वाटत नाही, राग येतो. तिशीपासून सत्तरीपर्यंत, म्हणजे आयुष्याचा मोठा भाग, बहिणाबाई विधवा होत्या. त्या काळात शुभकार्याच्या वेळी विधवेने मागे राहायचे. ओटी भरणे, हळदीकुंकू, नव्या गोष्टीला पहिला हात लावणे हे सगळे सवाष्णींचे. म्हणजे नवेपणाची जी जी प्रतीके समाजाने पवित्र मानली त्यांच्यापासून ही बाई रीतीने दूर ठेवलेली होती. त्याच बाईने आखजीचे गाणे केले, पाडव्याच्या गुढीचे गाणे केले, पोळ्याचे केले. वैधव्यावरच्या गाण्यांत त्या पुसलेल्या कुंकवाबद्दल बोलतात, आणि त्याच श्वासात न पुसल्या जाणाऱ्या गोंदणाबद्दल, मनगटातल्या जोराबद्दल बोलतात. त्या हक्क मागायला गेल्या नाहीत. माती सवाष्ण-विधवा असा भेद करत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते आणि ते गाण्यात आणले. रीतीने दूर ठेवलेले मांगल्य त्यांना शेतात मिळाले. त्यांच्या गाण्यातला आनंद भाबडा वाटतो म्हणणाऱ्यांनी तो कुठल्या जागेवरून आलेला आहे हे आधी पाहावे.

पाडव्याच्या गाण्यात तर त्या गुढीला देखाव्यापुरते ठेवतच नाहीत. गेल्या सालची अढी सोडा, एकमेकांवरचा लोभ वाढवा, असे त्या सांगतात. गुढीची काठी, वस्त्र, कडुनिंब हे सगळे आहे, पण नवे वर्ष त्यांच्या लेखी वागणुकीत यायला हवे. पारंपरिक प्रतीकाला धक्का न लावता त्याच्या आतला अर्थ घरातल्या भांडणापर्यंत आणून ठेवणे, हे त्यांनाच जमले. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. तिथे जाणाऱ्याने त्या वस्तूंचे फोटो काढण्याआधी त्या हाती धरल्या की मनगटाला काय होत असेल याचा विचार करावा. गाण्याचा ताल तिथून आलेला आहे.

धुळ्याकडे वळले की दुसरा हात दिसतो, छिन्नी धरलेला. धुळे तालुक्यातल्या गोंदूर गावी 19 फेब्रुवारी 1925 रोजी राम सुतार यांचा जन्म झाला. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्यांना मुंबईच्या जे. जे. कला शाळेत पोहोचवले. तिथे मूर्तिकलेचे, हुबेहूब माणूस घडवण्याचे पक्के शिक्षण मिळाले. नंतर 1950 च्या दशकात काही वर्षे ते पुरातत्त्व खात्यात होते आणि अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम करत होते. देशभरातले गांधीजींचे पुतळे आणि गुजरातेतला 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा यांमुळे त्यांचे नाव घराघरांत गेले. माझ्या मते या पुस्तकाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मध्य प्रदेशातल्या गांधीसागर धरणावरचे आहे. चंबळ नदीला त्यांनी 45 फूट उंचीच्या आईचे रूप दिले आणि मध्य प्रदेश, राजस्थान ही दोन राज्ये म्हणजे तिच्याजवळची दोन मुले.

नदीला आई म्हणणे हे या देशातले किती जुने प्रतीक! धरणाचे पाणी म्हणजे कोरड्या रानाला नवा जन्म, हेही त्या काळी सगळे म्हणत होते. म्हणजे कल्पना आयती होती आणि सरकारी कामात आयत्या कल्पनेचा निर्जीव पुतळा व्हायला वेळ लागत नाही. सुतारांनी ते काँक्रीटच्या एका ठोकळ्यातून छिन्नीने कोरून काढले. साच्यात ओतून जे सहज होण्यासारखे होते ते त्यांनी दगडासारखे खोदले. मला यात वेरूळ दिसते. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली एकाच खडकातून उतरवलेले आहे. त्या शिल्पांची मोडलेली बोटे, झिजलेले चेहरे ज्याने काही वर्षे हाताखालून घातले, त्याच्या मनगटात ती रीत उतरली नसती तर नवल. जे. जे.ने दिलेली हुबेहूब माणसाची दृष्टी, लेण्यांनी दिलेली कोरण्याची रीत आणि नदीमाय ही लोकांची श्रद्धा, अशा तीन गोष्टी त्या आईत एकत्र आल्या. तिच्याकडे पाहताना ती देवी आहे की खान्देशातल्या कुठल्याशा गावातली लेकुरवाळी, हा प्रश्न पडत नाही. दोन्ही आहे.

बहिणाबाई आणि सुतार यांच्यात साम्य फार नाही आणि ते ओढूनताणून दाखवण्याचा हेतू नाही. एकीने आपली बोली आणि आपले शेत सोडले नाही, दुसऱ्याने गाव सोडून देशभर काम केले. एकीची गाणी कुणीतरी टिपली म्हणून उरली, दुसऱ्याचे पुतळे मैलांवरून दिसतात. दोघांच्या कामात एवढे मात्र सारखे दिसते की प्रतीक हाताशी येईपर्यंत हात कामाने तयार झालेला होता. अशा हाताला प्रतीक जड होत नाही. तरुण चित्रकार मला विचारतात की आमची शैली आधुनिक, मग गौराई, कानबाई, घागर यांच्याशी तिचे कसे जमवायचे? त्यांना मी एवढेच सांगतो की घागरीवर चित्र काढण्याआधी कुंभाराच्या आव्याजवळ एक दिवस बसा. कोऱ्या घागरीत पहिल्यांदा पाणी ओतले की ती ओलावते, बाहेरून गडद होत जाते, मातीचा वास सोडते आणि पाणी झिरपून गार होते. हा रंगबदल ज्याने डोळे भरून पाहिला, त्याची घागर आकाराने कितीही अमूर्त असली तरी आखजीची घागर म्हणून ओळखता येईल. ज्याने पाहिलाच नाही, त्याने वरती आंबे आणि डांगर कितीही हुबेहूब काढले तरी ती दुकानातलीच राहील.

या पुस्तकात जुन्या प्रतीकांबरोबर नव्या प्रतीकांनाही जागा दिली आहे, आणि ते फार गरजेचे होते. जाते गेले, मोट गेली, पेरणी ट्रॅक्टरवर आली. बहिणाबाईंचे जाते आणि सुपडे किती दिवस रंगवत बसायचे? आज खान्देशात पुनर्जन्म रोज पाहायचा असेल तर केळीच्या बागेत जावे. मृगबाग असो वा कांदेबाग, केळीचे झाड आयुष्यात एकदाच घड देते. घड कापला की त्या खोडाचे काम संपले. पण तोवर त्याच्या बुडाशी पिले फुटलेली असतात. सगळी ठेवत नाहीत. शेतकरी एक जोमदार पिल राखतो, बाकीची विळ्याने कापून टाकतो, आणि राखलेले पिल आईच्या शेजारी वाढत जाते. तीच पुढची पिलबाग. इथे नवे जुन्याच्या बुडातून येते, आणि कुठले राखायचे हे माणूस ठरवतो. केळीचे खांब आपण लग्नाच्या मांडवाला बांधतो, सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधतो, पण ही पिलाची गोष्ट गाण्यात आणि चित्रात फारशी आलेली नाही.

त्यात आता ऊतिसंवर्धनाची भर पडली आहे. जळगावच्या प्रयोगशाळांतून ग्रँड नैन जातीची रोपे बाटलीत जन्म घेतात, पिशवीत वाढतात आणि हजारोंच्या संख्येने, सगळी एका वयाची आणि एका चणीची, ठिबकच्या नळ्यांलगत उभी राहतात. या रोपाला आई कोण? याच्यापुढे हात जोडायचे तर कसे? हा प्रश्न मी खरोखरच विचारतो आहे. अशी रोपे लावणाऱ्या, त्यांना माती लावणाऱ्या, घड झाकणाऱ्या हजारो बाया रावेर, यावल, चोपड्याच्या शिवारात आज काम करत आहेत. बाटलीतून आलेल्या रोपाचे पहिले पान कसे उलगडते हे त्यांच्याइतके जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेले नाही. त्यांच्यातली एखादी काही गुणगुणत असेल, तिच्या घरातले पोर वहीत रेघोट्या मारत असेल. ते टिपणारे सोपानदेव आणि पितांबर आपल्याला हवे आहेत. म्हणून हे पुस्तक मुंबई-पुण्याच्या दालनांत जाण्याआधी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या गावोगावच्या शाळांत आणि वाचनालयांत पोहोचावे, अशी विनंती मी प्रकाशकांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.